मणक्याचं ऑपरेशन झालं, सुट्टी मिळाली. आता पुनर्वसनासाठी जायचं कुठं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घाटंजी तालुक्यातला एक तरुण शेतकरी संध्याकाळी वावरातून मोटारसायकलवर परत येत होता. रानडुक्कर आडवं आलं आणि तो पडला. पाठीच्या बाराव्या मणक्याला फ्रॅक्चर झालं. नागपूरला महात्मा फुले योजनेतून रॉड टाकून ऑपरेशन झालं आणि पंधरवड्यात सुट्टी मिळाली. डिस्चार्ज कार्डावरची शेवटची ओळ 'फिजिओथेरपी सुरू ठेवा' अशी आहे. त्याला आता अडीच महिने झाले. कंबरेखाली हालचाल नाही, लघवीची नळी अजून तशीच आहे, माकडहाडावर जखम झाली आहे आणि ती मधोमध काळी पडली आहे. तालुक्याला फिजिओचा दवाखाना आहे, पण रोजचं ऑटोभाडं झेपत नाही. धाकटा भाऊ विचारतो: ताई, दादाला कुठं न्यावं, खर्च किती येईल, आणि तो चालेल का?

भाऊ, पहिली गोष्ट: दादाला तालुक्याला रोज नेणं आजपासून थांबवा. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे आणि वर्धा-यवतमाळ पट्ट्यात कित्येक वर्षं हेच काम करते. हे वाचून माझ्याच व्यवसायातले काही जण रागावतील, रागावू देत. दादाला ऑटोत घालून नेता, तिथं पंधरा-वीस मिनिटं पायाला करंट, थोडा शेक, थोडं पाय हलवणं होतं, आणि तसेच हादरे खात परत येता. करंटनं स्नायू तेवढ्यापुरता उडतो. मज्जारज्जूची इजा त्यानं भरून येत नाही. पाय हलवायचं काम तुम्ही आणि वहिनी चार दिवसांत शिकाल. उलट खड्ड्यांच्या रस्त्यावर बसून त्या जखमेवर जो दाब येतो, तो घरी घेतलेली सगळी काळजी मातीत घालतो. ते भाडं बाजूला ठेवा, पुढं लागणार आहे.

तुम्हाला वाटतंय की कुठंतरी एक चांगलं सेंटर असेल आणि आपल्याला कुणी सांगत नाही. तसं नाही. आपल्याकडची सगळी व्यवस्था पहिल्या काही दिवसांसाठी उभी आहे. १०८ येते, दवाखान्यात पोचवते. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची २०२५ ची कॅशलेस योजना आहे, दीड लाखापर्यंत, पण अपघातापासून सात दिवसांपुरती. महात्मा फुले योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे, पण तिथली पॅकेजं ऑपरेशनवर आणि भरतीवर ठरतात. घरी आल्यावर लागणाऱ्या लघवीच्या नळ्या, गादी, चाकाची खुर्ची, न्हाणीतले बदल, रात्री उठून दादाची कूस बदलणारं माणूस, हे कशात धरायचं? १०८ सुट्टीनंतर घरी सोडत नाही आणि फेरतपासणीलाही नेत नाही. सर्जननं त्याचं काम केलं आहे. पुढचं काम पुनर्वसनाचे डॉक्टर, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवणारा), कॅलिपर म्हणजे पायाला आधार देणारा सांगाडा बनवणारा आणि समुपदेशक यांनी मिळून करायचं असतं. हे सगळे एका ठिकाणी भेटतील अशा जागा विदर्भात थोड्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक नागपूर-वर्ध्याकडे आहेत. म्हणून हे तुकडे तुम्हालाच जोडायचे आहेत, आणि क्रम चुकवायचा नाही: आधी जखम, मग लघवी, मग खुर्ची, मग चालण्याचं. बहुतेक घरं नेमकी उलट्या टोकाकडून सुरुवात करतात.

जखमेबद्दल सविस्तर लिहिते, कारण या इजेत माणूस पाय गेल्यामुळं दगावत नाही, जखम आणि लघवीच्या संसर्गामुळं दगावतो. मधला काळा भाग म्हणजे मेलेली कातडी. खाली खड्डा किती खोल आहे ते वरून दिसत नाही. तो भाग सर्जननं काढावा लागतो, घरी ओढून काढू नका. ताप आला, वास यायला लागला किंवा पाणी-पू वाहायला लागला, तर बाकी सगळं सोडून त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

तोपर्यंत दादाला पाठीवर झोपवायचं नाही. डावी कूस, उजवी कूस, आणि ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना विचारून पालथं. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. मोबाईलला अलार्म लावा आणि रात्रीच्या पाळ्या घरात वाटून घ्या. एकट्या वहिनीवर टाकाल तर दहाव्या दिवशी अलार्म वाजेल आणि कुणी उठणार नाही. अगदी सरळ कुशीवर ठेवलं तर खुब्याच्या हाडावर नवी जखम होते. म्हणून पाठीमागं उशी देऊन थोडं तिरपं ठेवा, फक्त जखम टेकू देऊ नका. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी हवी आणि टाचा अधांतरी हव्यात.

बाजेवर झोपवत असाल तर बाज बदला. सुतळीची असो की नवारीची, तिला झोळ पडतो आणि सगळा भार माकडहाडावर जातो. लाकडी फळ्या किंवा दिवाण, त्यावर चार-पाच इंची चांगल्या फोमची गादी, एवढं पुरे. एअरबेडचा आग्रह मी गावात धरत नाही. त्याची मोटर विजेवर चालते. लाईट गेली की हवा उतरते आणि माणूस फळीवर येतो. शिवाय एअरबेड आला की घरातली माणसं कूस बदलणं सोडतात. सायकलच्या ट्यूबचं रिंगण करून त्यावर बसवायची पद्धत आपल्याकडं फार आहे, ती बंद करा. रिंगणाच्या कडेवर दाब येऊन मधल्या कातडीचा रक्तपुरवठाच कमी होतो.

जखम धुवायला पाणी उकळून थंड करा, अर्ध्या लिटरला सपाट चमचाभर मीठ. धुऊन स्वच्छ गॉज ठेवा, ओलं झालं की बदला. हळद, कोरफड, टाल्कम पावडर, फेसाळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड, यातलं काहीही नको. गावातल्या आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या आरोग्य अधिकारी ताईंना घरी बोलावून एकदा ड्रेसिंग दाखवायला सांगा. बहुतेक ठिकाणी त्या येतात, फक्त त्यांना कुणी बोलावत नाही.

नवी जखम व्हायच्या आधी ओळखायची असते. पुस्तकात लिहिलेलं असतं की कातडी लाल होते. आपल्या सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. हाताच्या मागच्या बाजूनं चाचपा: आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा काळपट जागा लागली तर तिथं दाब बंद. ती जागा तेलानं चोळायची नाही, चोळल्यानं आतली नाजूक कातडी आणखी फाटते. रोज संध्याकाळी मोबाईलवर दादाच्या पाठीचा, खुब्यांचा आणि टाचांचा फोटो काढा आणि तो दादालाच दाखवा. शरीर त्याचं आहे, पहारा त्यानंच द्यायला हवा.

आणि त्याचं पथ्य सोडा. मणक्याचं ऑपरेशन झालं म्हणून घरोघरी अंडी-मटण बंद करतात आणि वरणाचं पाणी पाजतात. जखम भरायला प्रथिनं लागतात. अंडी, घट्ट वरण, हरभरा, शेंगदाणे, दूध, जे परवडेल ते रोज द्या. वावरातलं सोयाबीन सगळंच्या सगळं बाजारात घालतो आपण. निदान सोयाबीनच्या वड्या तरी दुकानातून आणा.

शेक मात्र कुठलाच नको. गरम विटा, गरम पाण्याची पिशवी, बिब्बा, कुणी जाणत्यानं सांगितलेला डाग, काहीच नाही. दादाला चटका कळत नाही. बिब्ब्यानं भाजलेले पाय मी इतके पाहिले आहेत की घरात शिरल्यावर आधी तेच विचारते. वैशाखात उन्हात ठेवलेल्या खुर्चीची लोखंडी दांडीसुद्धा मांडी भाजून काढते.

आता लघवी. अडीच महिने एकच व्यवस्था चालू आहे, याचा अर्थ सुट्टीच्या वेळी कुणी पुढचा विचार केला नाही. कायमची नळी ठेवायची असेल तर ती साधारण तीन-चार आठवड्यांनी बदलावी लागते, पोटाला चिकटपट्टीनं लावून ठेवावी लागते आणि पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता ठेवावी लागते. तरी ही लांब पल्ल्याची सोय नाही. दादाचे हात चांगले आहेत, म्हणजे तो स्वतः दर चार ते सहा तासांनी साधी नळी घालून लघवी काढू शकतो आणि नळी लगेच बाहेर. ऐकायला भयंकर वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक पुरुष आठवडाभरात शिकतात. यासाठी नेलॅटॉन नावाची साधी नळी मिळते, मोठ्या माणसाला बहुधा १२ किंवा १४ नंबरची. हात साबणानं धुवायचे. दर वेळी नवी नळी परवडत नसेल तर तीच साबणानं धुऊन, कोरडी करून, झाकून ठेवून वापरण्याची रीत जगभर चालत आली आहे. किती दिवस वापरायची ते शिकवणाऱ्याकडून ठरवून घ्या. एका वेळी चारशे-पाचशे मिलीपेक्षा जास्त लघवी निघत असेल तर मधलं अंतर कमी करा. फक्त हे सगळं आपल्या मनानं सुरू करायचं नाही. आधी सोनोग्राफी आणि किडनीची रक्ततपासणी, मग कुणाच्या तरी नजरेखाली शिकायचं.

नळीला चिमटा लावून, सोडून, 'सवय' करायची पद्धत वॉर्डात अजून दिसते. मज्जारज्जूच्या इजेत तिचा उपयोग मला कधी दिसलेला नाही. भरलेल्या मूत्राशयातली लघवी उलटी किडनीकडं जायचा धोका मात्र असतो. लघवी गढूळ दिसली म्हणून दर वेळी अँटिबायोटिक नको. थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर दुखणं, लघवीत रक्त, यातलं काही असेल तर लगेच जा.

शौचाचं थोडक्यात: रोज एकच वेळ ठरवा, जेवणानंतर किंवा चहानंतर अर्ध्या तासानं, कारण पोटात काही गेलं की आतडी आपोआप हलतात. हातमोजा घालून बोटानं काढावं लागलं तर त्यात लाज नाही. हे शिकवायला नर्सला सांगा. जुलाब करवणारं औषध रोज देऊ नका, दिवसभर कपडे खराब होतील आणि जखम ओली राहील.

तो चालेल का? मला न तपासता सांगता येणार नाही, आणि फोनवर 'नक्की चालेल' म्हणणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका, मग तो डॉक्टर असो की मालिशवाला. पण काय विचारायचं ते सांगते. डॉक्टरांना म्हणा, 'आशिया ग्रेड' (ASIA), म्हणजे मज्जारज्जूची इजा पूर्ण आहे की अपूर्ण ते सांगणारी श्रेणी, लिहून द्या. त्यासाठी ते गुदद्वाराभोवती टाचणी टोचून स्पर्श कळतो का, आणि तिथला स्नायू दादा स्वतः आवळू शकतो का, हे बघतात. तिथं काही शिल्लक असेल तर इजा अपूर्ण आहे आणि पाय काही प्रमाणात परत येण्याची आशा खरी आहे. दुसरं असं की बाराव्या मणक्याच्या आसपास मज्जारज्जू संपत येतो आणि खाली नसांचा झुपका सुरू होतो. नसा मज्जारज्जूपेक्षा बऱ्या भरून येतात. त्यामुळं या पातळीच्या इजेत काही महिन्यांनी मांडीत जोर आलेले लोक मी पाहते. जे यायचं त्यातलं बरंचसं पहिल्या सहा महिन्यांत कळतं, पुढंही हळूहळू थोडं येत राहतं.

इजा पूर्ण असेल तर कॅलिपर आणि काठ्या घेऊन चार पावलं टाकता येतील, पण तो व्यायाम समजा. घरात, गावात, दुकानात जायला खुर्चीच लागेल. खुर्ची आणली म्हणजे आशा सोडली, असं घरच्यांना वाटतं आणि त्या हट्टापायी तरुण मुलं दोन-दोन वर्षं बाजेवर पडून राहतात. खुर्चीवर बसून हात-खांदे मजबूत केलेला माणूस, पाय परत आले तर आधी उभा राहतो.

घरी रोज करायचं एवढंच: पायाचा प्रत्येक सांधा सकाळ-संध्याकाळ सावकाश, पूर्ण हलवणं, विशेषतः घोटा, कारण पाऊल खाली पडून आखडलं की पुढं कॅलिपर बसत नाही. जोर लावून ओढायचं नाही. रगडून मालिश केल्यानं खुब्याभोवती नको तिथं हाड वाढू शकतं. हातांना पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांचा व्यायाम. बसायची परवानगी आणि बेल्ट किती दिवस लावायचा हे ऑपरेशनवाल्या डॉक्टरांकडून फोनवर विचारून घ्या. जखम भरल्यावर दोन विटा कापडात गुंडाळून मांडीशेजारी ठेवा आणि त्यावर हात टेकून बूड उचलायला शिकवा. पुढं आयुष्यभर बसल्या जागी दर पंधरा-वीस मिनिटांनी ते करायचं आहे.

आता कुठं न्यायचं. आधी हे समजून घ्या की 'पुनर्वसनासाठी भरती करा' म्हणून गेलात तर बहुतेक ठिकाणी 'ओपीडीत येत जा' असं उत्तर मिळेल, कारण खाटा ऑपरेशनवाल्यांसाठी राखलेल्या असतात. तुमच्याकडं भरतीचं खरं कारण आहे: जखम. जखमेसाठी सर्जरी किंवा प्लॅस्टिक सर्जरी विभागात भरती व्हा आणि वॉर्डात असतानाच फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी आणि मूत्ररोगाचा सल्ला लेखी मागा. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हे सगळे विभाग एका आवारात सापडण्याची शक्यता जास्त. शिवाय जिथं फिजिओथेरपीचं कॉलेज आहे तिथं शिकाऊ मुलं असतात, त्यांना वेळ असतो आणि ती पुन्हा पुन्हा न कंटाळता शिकवतात. मोठ्या डॉक्टरांच्या पाच मिनिटांपेक्षा इंटर्नचा एक तास तुमच्या जास्त कामाचा.

तुमच्या जवळ यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जखमेची पहिली तपासणी तिथं होऊ शकते. भरतीसाठी मी सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय किंवा नागपूरचं मेडिकल, म्हणजे तिथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, यांपैकी एक निवडीन. सावंगीला फिजिओथेरपीचं कॉलेज आहे. मेडिकलला फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपी दोन्हींचं शिक्षण चालतं. नागपूरच्या मिहानमधल्या एम्सला पुनर्वसनाचा स्वतंत्र विभाग आहे, तिथली ओपीडी एकदा तरी करा. खुर्ची, कॅलिपर, मोजमाप यासाठी नागपूरचं सीआरसी, म्हणजे केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं संयुक्त क्षेत्रीय केंद्र. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून चालणारी केंद्राची पुनर्वसन संस्था आहे, पण ही जखम घेऊन रेल्वेचा तेवढा प्रवास आत्ता नको. निघण्याआधी फोन करून विचारा की भरती मिळेल का, योजना लागू आहे का, सोबतच्या माणसाची राहायची सोय काय. महात्मा फुले योजनेचं १५५३८८ या नंबरवरही कळतं, नाहीतर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठा.

भरतीतून परत येताना तुमच्या हातात काय असायला हवं, ते आधीच ठरवून जा: दादा स्वतः नळी घालतो, पलंगावरून खुर्चीत सरकतो, बूड उचलतो, खुर्चीचं माप घेतलेलं आहे आणि जखमेचं पुढचं वेळापत्रक लेखी आहे. यातलं निम्मं बाकी असताना सुट्टी देऊ लागले तर शांतपणे सांगा की हे शिकवून मगच सोडा. भांडू नका, पण उठूही नका.

डोक्याला मार लागलेल्या किंवा पाय कापावा लागलेल्या घरांसाठी दोन शब्द. पाय कापलेल्यांनी गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू नये, सांधा आखडतो. कापलेल्या पायाचा उरलेला भाग क्रेप बँडेजनं आठच्या आकड्यासारखं बांधत राहावं आणि टाके भरल्यावर कृत्रिम पायासाठी लवकर जावं, वर्षभर थांबू नये. जयपूर फूट आपल्याकडं चांगला चालतो कारण त्यावर अनवाणी चालता आणि उकिडवं बसता येतं. डोक्याच्या माराचं वेगळंच. हातपाय ठीक दिसतात, पण माणूस चिडतो, विसरतो, पैसे उधळतो. ती इजेचीच लक्षणं आहेत, भूतबाधा नाही. मेंदूच्या आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा.

कागदांचं काम जखमेसोबतच सुरू करा आणि ते घरातल्या एकाच माणसाकडं द्या. यात लोकांचे हक्काचे पैसे सर्वात जास्त बुडतात. दादाचं बँक पासबुक काढा आणि मे-जूनच्या आसपास २० रुपये कापलेले दिसतात का बघा. दिसले तर तो प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचा हप्ता आहे. अपघातात दोन्ही पाय कायमचे निकामी झाले तर दोन लाख मिळतात. गाडी दादाच्या नावावर होती आणि विमा चालू होता का? मालक-चालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण त्या पॉलिसीसोबत असायला हवं, आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ते पूर्ण मिळतं. लायसन्स मात्र वैध हवं. लोक मोटारसायकलचा विमा पोलिसांना दाखवायचा कागद समजतात आणि हा दावा करतच नाहीत. तिसरं म्हणजे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना: दोन अवयव निकामी झाले तर दोन लाख, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं. तो ३० दिवसांत करायचा असतो. तुमची मुदत गेली आहे, तरी दादा दवाखान्यात होता हे कारण लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या. अवयव तुटलेला नसून निकामी आहे हे सिद्ध करायला इथं कागद लागतो, म्हणून 'दोन्ही पायांची शक्ती कायमची गेली' असं स्पष्ट वाक्य तज्ज्ञांकडून लिहून घ्या. दुसऱ्या गाडीनं धडक दिलेली असेल त्यांनी मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करावा. कायद्यात त्याची मुदत सहा महिने आहे, तेव्हा वकील लवकर गाठावा.

दादाच्या या तिन्ही दाव्यांच्या शेजारी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. अर्ज ऑनलाईन, तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात ठरलेल्या वारी. वार आधी विचारा, आणि जखम दाखवायला जाल त्याच दिवशी ते बसवा. काही मंडळं 'वर्षानं या' म्हणतात. तेव्हा तात्पुरतं प्रमाणपत्र मागा, ते देता येतं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलं की पुढची दारं उघडतात: तहसीलमधून संजय गांधी निराधार योजना, एसटीत तिकिटाची सवलत, केंद्राच्या योजनेतून खुर्ची आणि तीनचाकी. टक्के वाढवून देतो म्हणणारा दलाल गेटवरच भेटेल. त्याला एक रुपयाही देऊ नका, दादाला त्याची गरजच नाही.

शिबिरात मिळणारी खुर्ची मापानं मिळाली तरच घ्या. एकाच मापाची, रुंद, बिनगादीची खुर्ची घरी येते आणि महिनाभरात तिच्यावर कापसाची गाठोडी बसतात. बसण्याची रुंदी दादाच्या कमरेएवढी हवी, पाय पायटीवर टेकायला हवेत आणि चांगलं फोमचं कुशन हवं. घराच्या दाराचं माप घेऊनच जा. छपरीच्या पायऱ्यांवर उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरा. त्याहून चढता केलात तर दादाला एकट्यानं चढता येणार नाही. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. उतारासाठी आणि कमोडच्या खुर्चीसाठी तिथं लेखी अर्ज द्या आणि ग्रामसभेत विषय काढा.

वहिनींबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. त्यांना विचारा की झोप किती होते. या घरांत दुसरा आजार बहुधा त्यांनाच होतो. दादा बोलत नसेल, जेवण टाळत असेल, 'मला मारून टाका' म्हणत असेल तर ते नाटक समजू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलता येतं. त्याहून गुणकारी म्हणजे अशाच इजेनंतर खुर्चीवर बसून कमावणारा माणूस घरी आणणं. फिजिओ विभागात विचारा, त्यांना असे लोक माहीत असतात. नवरा-बायकोचं पुढं काय, मूल होईल का, हेही दादा त्यालाच विचारेल, तुम्हाला नाही. कामाचं शिकायचं झालं तर वरोऱ्याला आनंदवनात दिव्यांगांसाठी प्रशिक्षणाची सोय आहे.

खर्च. सरकारी किंवा योजनेतल्या दवाखान्यात जखमेच्या उपचाराचा मोठा भार निघतो. घरातून जाणारा पैसा फोमची गादी, कुशन, नळ्या, गॉज, अंडी-दूध आणि दोन-तीन वेळची गाडी यांवर जाईल. पण खरा खड्डा मजुरीचा. दादाच्या जवळ एक माणूस बांधलेला राहणार, म्हणजे दोन कमावते कमी. म्हणून यंदाचं वावर ठेक्यानं द्या, सातबारा दादाच्याच नावावर राहू द्या, बैलजोडी विकायची घाई करू नका, आणि मालिशवाल्याचं पॅकेज तर अजिबात घेऊ नका. या आठवड्यात जखम दाखवून या. तिथं काळा भाग काढल्यावर खड्डा किती खोल निघाला ते कळवा, म्हणजे बसवायचं कधी ते सांगता येईल.